दहा बादल्या

गोठेवाल्याची विहीर सहा परस खाली गेली तरी वर येणारी टोपली कोरडीच होती. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. अशी सहा माणसं एकावर एक उभी करा आणि सर्वांत खालच्याच्या पायाखाली धुरळा बघा, म्हणजे त्या उन्हाळ्यात माझा भाऊ रोज काय बघत होता ते कळेल. तो खाली पहारीनं मुरूम फोडायचा, टोपली भरायचा आणि दोराला हिसका द्यायचा. वर मी आणि माझी भावजय कप्पीवरून दोर ओढायचो. टोपली काठावर आली की भावाची पोरगी ती उचलून ढिगावर रिकामी करायची, आणि रिकामी करण्याआधी मूठभर माती चुरगाळून बघायची.

"ओल आहे का गं?" खालून आवाज यायचा.

"नाही, बाबा."

"येईल. काठीनं सांगितलंय."

माझा भाऊ पाणाड्या. दोन फाटे असलेली काठी दोन्ही हातांत धरून रानातून चालायचा, आणि जिथं काठी खाली वाकली तिथं टाचेनं खूण करायचा. ती काठी आमच्या बापाची. बापानं मरताना घर मला नाही, त्याला नाही, कुणालाच दिलं नाही, कारण ते पडलंच होतं. पण काठी मात्र त्याच्या हातात दिली. सोबत एक नियम दिला. आपण दाखवलेली जागा आपणच खणायची, आणि पाणी लागल्याशिवाय मजुरीला हात पुढे करायचा नाही. तोवर मालकाकडून दुपारचं जेवण तेवढं घ्यायचं. शहाणपणाचे नियम करणारे लोक नियम पाळायच्या वेळी बरे मरून जातात.

गोठेवाल्याची पंधरा गुरं तहानेनं हंबरत होती. त्याला विहीर गोठ्यामागेच हवी होती. जागा बघायला गेलो त्या दिवशी माझा भाऊ आधी पलीकडच्या खोलगटाकडे वळला होता. गोठेवाला म्हणाला, एवढ्या लांबून पाणी कोण आणणार, जरा इकडे बघा. मग भाऊ गोठ्यामागे फिरला, आणि काठी तिथंही वाकली. सगळे खूश झाले. मीही झाले, खोटं कशाला बोलू.

पोरगी तेरा वर्षांची. घरात आणि गल्लीत तिला सगळे चौकशी म्हणतात. बोलायला लागली तेव्हापासून तिचं एकच काम: हे असं का, ते तसं का, आणि मग जे उत्तर मिळेल ते वहीत लिहायचं. एकदा माझ्या गुडघ्यांचं दुखणं तिनं महिनाभर लिहून ठेवलं आणि मला सांगितलं, "आत्या, तुझा उजवा गुडघा कामाच्या दिवशी दुखतो आणि डावा बसून राहिलीस की दुखतो." म्हटलं, बरं झालं सांगितलंस, आता दुखायचा थांबेल.

अशा पोरीला शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी सुट्टीत बोलावलं. दहा दिवसांचं उन्हाळी शिबिर, सकाळी आठ ते अकरा. शेवटच्या दिवशी मोठा मेळावा, प्रत्येक मुलानं एक प्रयोग मांडायचा, सगळ्या गावानं बघायला यायचं. ज्याचा प्रयोग चांगला त्याला शहरातल्या मोठ्या संस्थेत महिनाभर राहून शिकायला मिळणार.

"सुट्टी ती सुट्टी," मी म्हणाले. "सुट्टीत शाळा कसली? आणि इथं टोपली कोण उचलणार, तुझे सर?"

"अकरानंतर मी दुप्पट उचलीन."

"दुप्पट उचलणारीचे खांदे बघा. दोर बांधायची खुंटी यापेक्षा जाड असते."

खालून भावाचा आवाज आला. विहिरीतून आलेला आवाज कुणाचाही असो, मोठ्या माणसाचा वाटतो. "ताई, जाऊ दे तिला. शिकू दे."

विषय संपला. त्या दिवसापासून सकाळचे तीन तास एक टोपली वर आली की भावजयीनं दोर सोडायचा, टोपली घेऊन ढिगापर्यंत जायचं आणि परत यायचं. तोवर भाऊ खाली नुसता उभा. ऊन चढायचं, दोर हातात तापायचा. माझ्या तळहाताची कातडी दोन ठिकाणी सोलली गेली, त्यावर तेल लावून मी फडकं बांधलं. शिबिराला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहायला चौकशीच हवी होती.

अकराच्या ठोक्याला ती पळत यायची. चप्पल काठावर काढायची आणि टोपलीला हात घालायची, आणि तोंड सुरू. खोक्याला भोक पाडून भिंतीवर उलटं झाड कसं दिसतं. काठीच्या सावलीवरून शाळेची उंची कशी काढायची. "आत्या, सर म्हणतात, कुणी मोठ्यानं सांगितलं म्हणून खरं मानायचं नाही. बघायचं, मोजायचं, लिहायचं, मग मानायचं."

"मी मोठी आहे. मी सांगते, टोपली उचल."

पाचव्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "माझा प्रयोग ठरला. बाबांची काठी."

भावजयीनं घास हातातच धरला. भावानं मान वर केली.

"सरांनी वर्गात विचारलं, काठीनं पाणी सापडतं असं कुणाला वाटतं? मी हात वर केला. एकटीनंच. पोरं हसली. मग मी म्हणाले, मी सिद्ध करून दाखवते. दहा बादल्या, काही भरलेल्या, काही रिकाम्या, सगळ्या झाकलेल्या. बाबा काठी घेऊन फिरतील आणि सांगतील कुठल्या भरलेल्या. दहाच्या दहा."

भावाच्या चेहऱ्यावर जे हसू आलं तसं मी त्याच्या लग्नातही बघितलं नव्हतं. माणसाला आयुष्यभर कुणी विचारत नाही, आणि मग पोटची पोर म्हणते, माझा बाप हाच माझा प्रयोग.

भावजय हळू बोलणारी बाई. ती म्हणाली, "अहो, जमिनीतलं पाणी आणि बादलीतलं पाणी एक नव्हे. झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"पाणी ते पाणी," तो म्हणाला. "काठीला बादली आणि जमीन कळत नाही, पाणी कळतं."

दुसऱ्या दिवशी सर स्वतः विहिरीवर आले. किडकिडीत माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांना शिव्या देता आल्या असत्या तर मला फार बरं वाटलं असतं, पण माणूस वाईट नव्हता. काठावर उकिडवं बसून त्यांनी खाली वाकून विचारलं, "तुमची इच्छा नसेल तर नको करू या. मुलीला मी दुसरा प्रयोग देतो."

"का नको? मी काय चोरी करतो?"

"तसं नाही. पण निकाल काहीही लागू शकतो, आणि गाव बघायला येणार."

"येऊ दे. उलट एक करा." भाऊ पहारीला टेकून वर बघत होता, तोंडावर सगळा धुरळा. "माझे डोळे बांधा. नाहीतर लोक म्हणतील पोरीनं खूण केली."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सरांनी मान डोलावली. मी बोलले नाही, आणि ते मला अजून टोचतं. मी त्याची थोरली बहीण. त्याच्यामागून मी तीस वर्षं रानं तुडवली होती. तो चालताना काय करतो ते माझ्याइतकं कुणी बघितलं नव्हतं. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर बरं झालं असतं. पण माझं तोंड नको तिथं चालतं आणि हवं तिथं बसतं.

पोरीनं मोठा पुठ्ठा आणून त्यावर तक्ता आखला. बादलीचा नंबर, बाबा काय म्हणाले, खरं काय, मग दोन रकाने: बरोबर आणि चूक. 'बरोबर'चा रकाना तिनं चांगला रुंद आखला आणि लाल रंगानं लिहिला. 'चूक'चा रकाना पुठ्ठ्याच्या कडेला बोटभर रुंद आणि बोटभरच लांब. मी म्हटलं, हा एवढासा का? म्हणाली, "लागणारच नाही, आत्या. पण सर म्हणतात रकाना ठेवावा लागतो."

मेळाव्याच्या दिवशी आम्ही अर्धाच दिवस खणलं. साडेसहा परस. कोरडं. भावानं घरी येऊन अंग धुतलं, धुतलेला सदरा घातला, नखांतली माती काडीनं काढली. पहारीनं त्याच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या, त्यांत भावजयीनं तेल भरलं. काठी त्यानं फडक्यानं पुसून घेतली.

शाळेच्या अंगणात टेबलं मांडली होती. एका पोराचा मातीचा डोंगर फेस ओकत होता, एकीनं बाटलीत ढग केला होता, आणि जो तो आपापल्या पोराच्या टेबलाशी उभा राहून काही कळत नसताना मान हलवत होता. कोपऱ्यात लांब उडीचा वाळूचा खड्डा. त्यात दहा बादल्या गळ्यापर्यंत पुरलेल्या, वर लाकडी फळ्या, फळ्यांवर गोणपाट. कुठली भरायची ते चौकशीनं नाणं उडवून ठरवलं होतं, म्हणजे कुणाला अंदाजच येऊ नये. हा नियमही तिचाच. तोपर्यंत बाप वर्गात दार लावून बसलेला.

फेसाचा डोंगर एका घटकेत ओस पडला. सगळं गाव खड्ड्याभोवती. गोठेवाला पुढेच होता, हाताची घडी घालून. सहज बघायला आला होता की आपल्या विहिरीचा कौल घ्यायला, देव जाणे.

माझ्या डोक्याचा रुमाल घेऊन सरांनी भावाचे डोळे बांधले आणि त्याला खांद्याला धरून पहिल्या बादलीशी आणलं. चौकशी लांब, भिंतीशी तक्ता घेऊन उभी. आपला श्वाससुद्धा त्याला ऐकू जायला नको म्हणून तिनं तेही ठरवलं होतं.

भाऊ चालला. मला त्याच्या चालीतच कळलं. रानात तो चालतो तेव्हा पाऊल टाकून थांबतो, मान फिरवतो, पुन्हा पाऊल टाकतो. इथं तो डोळे बांधलेल्या कुठल्याही माणसासारखा चालत होता, पाय चाचपडत, नाक वर करून. तिसऱ्या बादलीवर काठी वाकली. लोक "आहा" म्हणाले. चौथीवर नाही. पाचवीवर वाकली, सहावीवर वाकली. काठी तो वाकवत नाही, ती वाकते, हे मी आजही कुणालाही शपथेवर सांगेन.

दहा झाल्या. सरांनी एकेका बादलीवरचं गोणपाट काढलं आणि चौकशी मोठ्यानं वाचत गेली.

"एक. बाबा म्हणाले रिकामी. भरलेली आहे. चूक."

"दोन. रिकामी. रिकामी आहे. बरोबर."

"तीन. भरलेली." तिसऱ्या बादलीत वाळूवरून पळत आलेला एक किडा होता, आणि काही नाही. "रिकामी आहे. चूक."

पाचवीवर तिचा आवाज बसला. सर जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "पुढचं मी वाचू का? किंवा थांबू या." तिनं मान हलवली. घसा खाकरून तिनं दहाही वाचल्या. चार बरोबर, सहा चूक. बोटभर रकान्यात सहा फुल्या मावेनात, शेवटच्या दोन तिनं पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला काढल्या.

"डोळे बांधले म्हणून काय झालं, नाक उघडं होतं की," कुणीतरी मागून बोललं, आणि मग हसू पसरलं. फार मोठं नाही. ओळखीच्या माणसांचं हसू.

भाऊ अजून रुमाल बांधूनच उभा होता. सोडायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि तो स्वतः सोडत नव्हता. मी वाळूत उतरून गाठ सोडली. त्याचे डोळे कोरडे होते. तो सरांना म्हणाला, "काठी वाळली आहे. ओली आणतो. परत भरा."

शाळेमागच्या झाडाची फांदी तोडून त्यानं नवी काठी केली. चौकशीनं पुन्हा नाणं उडवलं, पुन्हा बादल्या भरल्या. या वेळी पाच बरोबर, पाच चूक. सर खालच्या आवाजात म्हणाले, "नुसता अंदाज केला तरी साधारण एवढेच येतात." ते तक्त्याबद्दल बोलत होते, पण ऐकणारा माणूस होता.

घरी येताना वाटेत शेजारची म्हातारी मला म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय." चौकशीनं ते ऐकलं. तिनं पुठ्ठ्याची गुंडाळी काखेत घट्ट धरली आणि चालत राहिली.

सकाळी आम्ही विहिरीवर गेलो तर गोठेवाला आधीच काठावर उभा. रागानं बोलला असता तर आम्हीही चार शब्द ऐकवले असते. पण तो चहा घेऊन आला होता.

"दादा, तुम्ही फार कष्ट केलेत," तो म्हणाला. "आता राहू द्या. मी यंत्रवाल्याला निरोप धाडलाय."

"अजून एक परस द्या मला."

"एक परसानं काय होणार? तुमच्या मुलीनंच दाखवून दिलं ना सगळ्यांसमोर. हुशार आहे हो पोरगी."

भावानं चहा प्यायला नाही, कप काठावर ठेवला. मग तो दोराला धरून खाली उतरला. आम्हाला वाटलं हत्यारं आणायला. पण खालून पहारीचा आवाज यायला लागला. आम्ही दोघी कप्पीशी उभ्या, गोठेवाला आमच्याकडे बघतोय. बराच वेळ ठण ठण चाललं. दोराला हिसका बसला की आम्ही ओढायचो. दुपारी जेवण आलं नाही. ऊन कलल्यावर आवाज थांबला आणि तो वर आला, हातांच्या भेगांतून रक्त मातीत मिसळून काळं झालेलं. पहार, टिकाव, टोपल्या, दोर, कप्पी, सगळं आम्ही गोळा केलं. गोठेवाल्याच्या गड्यानं भोकावर काट्यांच्या फांद्या टाकल्या, गुरं पडू नयेत म्हणून. एकोणीस दिवसांचं काम त्या काट्यांखाली गेलं, आणि बापाच्या नियमानं एक शब्द बोलायची सोय नव्हती.

त्यानंतर आम्हाला कुणी बोलावलं नाही. आधी दोन ठिकाणचे निरोप होते, तेही सावकाश विरले. गल्लीत पोरांनी नवा खेळ काढला, डोळ्याला फडकं बांधून हातात काटकी घ्यायची आणि दुसऱ्याच्या अंगावर जाऊन "पाणी, पाणी" म्हणायचं. एकाला मी कानाला धरलं तर त्याची आई म्हणाली, "लहान आहेत हो, विज्ञानाचा खेळ खेळतात."

काठी भावानं जाळली नाही, फेकली नाही. शेळीच्या खोपटाच्या दाराला अडसर मोडला होता, तिथं लावली. रोज सकाळी शेळी सोडताना भावजय ती काढून भिंतीला टेकवायची आणि संध्याकाळी तो स्वतः ती परत लावायचा.

महिन्याभरानं यंत्र आलं. माणसं कमी होती म्हणून गोठेवाल्याचा गडी बोलवायला आला, आणि माझा भाऊ गेला. आपण अर्धवट सोडलेल्या भोकापासून वीस पावलांवर तो दिवसभर लोखंडी नळ्या खांद्यावरून वाहत होता. यंत्रानं आमच्या विहिरीच्या दसपट खोल भोक पाडलं. धुरळाच निघाला. गोठ्याचे पत्रे पांढरे झाले. यंत्रवाले नळ्या आवरून निघून गेले, गोठेवाला म्हणाला, नशीब आपलं. यंत्राला कोणी हसलं नाही.

त्याच आठवड्यात सर पत्र घेऊन आले. चौकशीची निवड झाली होती. पत्रात लिहिलं होतं की मुलीनं स्वतःच्या मनाविरुद्ध आलेला निकाल जसाच्या तसा नोंदवला, हे विशेष. सरांनी ते दोनदा वाचून दाखवलं आणि दुसऱ्या वेळी आपणच खाली बघितलं.

"मी जाणार नाही," चौकशी म्हणाली.

"जाशील," भाऊ म्हणाला. रागानं नाही. मेळाव्यानंतर तो तिच्याशी जास्तच मऊ बोलायचा. ते ऐकवत नसे.

पोरीनं प्रश्न विचारणं बंद केलं होतं. काम करायची, जेवायची, आणि जुन्या वह्या काढून बसायची. एका दुपारी मी अंगणात दुखरे हात शेकत होते, ती येऊन समोर बसली.

"आत्या, मी नऊ वर्षांची होते तेव्हापासूनच्या सगळ्या विहिरी लिहिल्यात. गोठेवाल्याची सोडून सत्तावीस. एकवीसला पाणी लागलं."

"मग? ते मला ठाऊक आहे."

"सत्तावीसात एकवीस. हे नुसत्या नाण्यानं होत नाही." तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी वर चढला होता. "बघ ना. प्रत्येक वेळी मी लिहिलंय बाबा वाटेत काय म्हणाले. इथं 'वारूळ ओलं आहे' म्हणाले. इथं 'आजूबाजूचं गवत वाळलं, हे का नाही वाळलं' म्हणाले. इथं संध्याकाळी चिलटांचा खांब उभा होता, तिथंच थांबले. इथं दगडाचा रंग. आणि हे सहा, जिथं लागलं नाही. सहाही ठिकाणी मालकानं आधीच सांगितलं होतं, इथंच बघा. गोठेवाला सातवा."

माझ्या डोळ्यांसमोर तीस वर्षांची रानं उभी राहिली. जागेपासून कोसभर आधीच त्याच्या गप्पा थांबायच्या, तो स्वतःशीच पुटपुटायचा. वाकून माती उचलायचा, हुंगायचा, झाडाच्या शेंड्याकडे बघायचा, उतार पायानं चाचपायचा. काठी पिशवीतून निघायची ती शेवटी, तिथं पोचल्यावर. आणि आपण त्याचे डोळेच बांधले. त्यानंच सांगितलं, आणि मीच रुमाल दिला.

"मी काठी तपासली, आत्या. बाबांना तपासलंच नाही."

संध्याकाळी तिनं वह्या बापासमोर मांडल्या आणि एकेक विहीर वाचून दाखवली. तो शेळीच्या दाराशी उकिडवा बसून ऐकत होता. शेवटपर्यंत ऐकलं त्यानं.

"म्हणजे काठी खोटी," तो म्हणाला.

"काठीत काही नाही, बाबा. पण तुम्ही..."

"माझ्या बापानं मला काठी दिली होती, पोरी. डोळे काय, सगळ्यांनाच असतात."

"सगळ्यांना दिसत नाही ते. मला दिसत नाही, मी वह्या लिहूनसुद्धा."

"मग तीस वर्षं मी लोकांना काय सांगत होतो? काठी सांगते म्हणून. खोटंच ना ते?" त्यानं अडसर लावला आणि हात झटकले. "खोटं बोलणाऱ्याला आधी लागलेलं पाणीसुद्धा लोक पुसून टाकतात. जा, जेवून घे."

पोरीनं एकेक वही गोळा केली. भावजय चुलीशी होती. तिनं डोळे पुसले आणि धुराचं नाव पुढे केलं.

चौकशीची गाडी संध्याकाळची होती. गाडी फाट्यावर येते, घरापासून तासाभराची वाट, मधल्या उतारावरून. भावजयीनं घरातच तिला जवळ घेतलं आणि शेळीचं निमित्त करून मागे राहिली. भावानं पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली, मी पिशवी, चौकशीनं वह्या. तिनं सगळ्या वह्या घेतल्या होत्या. मी म्हटलं, तिथं नव्या देतील की. म्हणाली, याच दाखवायच्यात.

ऊन उतरलं होतं. दोन्ही बाजूंची रानं करपलेली, वाऱ्याबरोबर भुसकट उडत होतं. भाऊ पुढे, मग पोर, मग मी. उताराच्या मध्यावर, जिथं वाट एका वारुळाला वळसा घालते, तिथं त्याची चाल बदलली. पाऊल टाकून तो थांबला. पेटी खांद्यावर तशीच. पायाच्या अंगठ्यानं त्यानं माती उकरली. मान वळवून वारूळ बघितलं, मग पलीकडचं एकटं झाड, ज्याची खालची पानं अजून हिरवी होती. समोर हातभर जागेवर चिलटांचा खांब फिरत होता. त्याचा मोकळा हात वर आला आणि मूठ अर्धी वळली, काठी धरायला वळते तशी.

पोर दोन पावलं पुढे झाली, वही उघडली, पेन काढलं.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "इथं आहे ना?"

त्यानं आपल्या हाताकडे बघितलं. मूठ उघडली, तळवा सदऱ्याला पुसला आणि पेटी नीट सावरली.

"मला काय विचारतेस," तो म्हणाला. "तुझ्या सरांना विचार."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी त्याला तिथल्या तिथं धुतला असता. तो खरंच तसं समजत होता.

पोरीनं वही मिटली नाही. फाट्यापर्यंत ती उघडीच हातात धरून चालली. गाडी आली तेव्हा भावानं पेटी वर चढवून दिली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाला, "नीट शिक. उगाच रडू नकोस." रडत कुणीच नव्हतं. खिडकीतून तिनं मला बोटानं खुणावलं, उताराच्या दिशेनं. मी मान हलवली. भावाला तिथं परत उभं करायचं कबूल केलं, पण ते माझ्या हातात नव्हतं. वारूळ, गवत, चिलटं मला दिसतात. त्यांचा अर्थ लागत नाही.

गाडी गेली. मी मधल्या वाटेकडे वळले तर भाऊ जागचा हलला नाही.

"ताई, डांबरी रस्त्यानं जाऊ."

"अरे, दुप्पट वाट पडते. माझे गुडघे बघ."

"तिकडून जाऊ," तो म्हणाला, आणि चालायला लागला.

तेव्हापासून फाट्यावर जायचं असलं की तो त्याच रस्त्यानं जातो. त्या संध्याकाळी मीही त्याच्यामागून चालले. दिवस बुडाला होता, उजवा गुडघा दुखत होता, आणि तो पुढे मान खाली घालून, कुठंही न बघता चालला होता.